हिरवळ कापल्यावर तपकिरी का पडते?



आज मी आपल्याशी गवताविषयी बोलणार आहे. आता गवतावर बोलण्यासारखे ते काय, असे शेतकरी बंधूंच्या मनात येईल. कुणी म्हणेल, "अहो, हरळी खणून काढता काढता आमच्या दोन पिढ्या गेल्या, आणि हे गृहस्थ आम्हांला हरळी राखायला सांगायला निघालेत!" त्यांचे खरे आहे. शेतात एकदा हरळी शिरली की ती हटत नाही. कुळव घाला, कुदळीने खणा, मुळ्या वेचून बांधावर फेका. बांधावर फेकलेली कांडीसुद्धा पहिल्या पावसाला फुटते. पण गंमत अशी, की हीच हरळी शाळेपुढच्या अंगणात किंवा ग्रामपंचायतीच्या आवारात हौसेने लावावी, पाणी घालावे, यंत्र आणून छान कापावी, की दोन दिवसांत तिच्यावर तपकिरी चट्टे दिसू लागतात. शेतात मारून मरत नाही आणि अंगणात जगवून जगत नाही! हे असे का होते, आणि ते होऊ नये म्हणून काय करावे, एवढेच आज पाहायचे आहे.

मी काही माळीकाम शिकलेला माणूस नव्हे. मी शिक्षक. आणि ही विद्या मी शिकलो ती एक मोठी चूक करून शिकलो, म्हणून आधी ती चूकच सांगतो.

१९८८ सालची गोष्ट. मी तेव्हा एका तालुक्याच्या गावी हायस्कुलात मुख्याध्यापक होतो. शाळेपुढे जेमतेम दोन गुंठ्यांचे अंगण. आदल्या वर्षी मुलांनी श्रमदान करून त्यातले दगडगोटे वेचले होते, गावकऱ्यांनी चार गाड्या शेणखत टाकले होते, आणि ओढ्याकाठची हरळी आणून मुलींनी ओळीने तिची बेणी लावली होती. त्या वर्षी पाऊस चांगला झाला. जुलैअखेर गवत फोफावून पोटरीला लागू लागले. वरून पाहावे तर हिरवेगार, नुसते डोलणारे. मी मनात म्हटले, असू दे. पंधरा ऑगस्टच्या तोंडावर एकदाच कापू, म्हणजे गालिचा अंथरल्यासारखे दिसेल.

तेरा तारखेला मी शिपाईमामांना सांगितले, "मामा, अगदी बारीक कापा. पुन्हा महिनाभर बघायला नको." मामा क्षणभर घुटमळले. म्हणाले, "गुरुजी, थोडं वर ठिवू का?" मी म्हटले, "नको, तळातून काढा." मग मामांनी आणि मोठ्या मुलांनी विळ्यांनी गवत छाटले, आणि त्यावरून उसने आणलेले ढकलायचे यंत्र फिरवले. गवत ओले होते, यंत्राची पाती बोथट होती. पण संध्याकाळपर्यंत काम उरकले.

पंधरा तारखेला सकाळी झेंडावंदनाला गाव जमले, आणि अंगण कसे दिसत होते म्हणता? जावळ काढताना न्हाव्याचा हात घसरावा तसे. कुठे पिवळे, कुठे तपकिरी, कुठे नुसती माती. ज्यांनी गाडीभर खत टाकले होते ते गृहस्थ काही बोलले नाहीत, पण त्यांनी एकदा अंगणाकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिले. मला ते फार लागले. आणि माणूस अशा वेळी काय करतो? दुसऱ्यावर ढकलतो. मी मामांना बोलावून सगळ्यांसमोर विचारले, "पाणी घातले नव्हते का?" भर पावसाळ्यात पाणी घालायचे कुठले! पण मी त्यांना लेखी ताकीद दिली, "आवाराची निगा राखण्यात हयगय." वर आणखी शहाणपणा केला तो असा, की गवताला जोर यावा म्हणून त्याच ओल्या चट्ट्यांवर मुठीने युरिया फेकला. चार दिवसांनी जे थोडे हिरवे उरले होते तेही करपले.

मग एके दिवशी मामांनीच मला अंगणात नेले. खाली बसले, न कापलेल्या कडेच्या गवतात हात घालून त्यांनी ते दुभंगून दाखवले. "हे बघा गुरुजी. हिरवं हाय ते समदं वर. खाली बघा." खाली पाहतो तो काय, बोटभर हिरवळीच्या तळाशी वीतभर नुसत्या पिवळट काड्या! ऊन पोचत नाही म्हणून खालची पाने कधीच गळून गेली होती. मामा म्हणाले, "मेंढराची लोकर कातरतात, कातडं न्हाई काढत. आपण कातडं काढलं."

मंडळी, आजच्या भाषणाचा गाभा तो हाच. कापल्यानंतर दिसणारा तपकिरी रंग बहुतेक वेळा कुठल्या रोगाचा नसतो, तहानेचाही नसतो. तो रंग आधीपासून तिथे असतोच. आपण वरचे हिरवे छप्पर काढले म्हणून तो उघडा पडतो. गवत जितके उंच वाढू द्याल तितके हिरवे वर वर सरकते आणि तळ तितका उघडा-बोडका होतो. म्हणून "एकदम बारीक कापले की महिनाभर निश्चिंती" हा हिशेबच उलटा आहे.

आता याच्या मुळाशी जरा जाऊ. पान हे झाडाचे स्वयंपाकघर, हे आपण पाचवी-सहावीच्या मुलांना शिकवतो. उन्हाच्या साहाय्याने अन्न तयार होते ते पानात. मुळे ते अन्न खातात आणि त्या बदल्यात पाणी व क्षार पुरवतात. आपण सगळी पाने एकदम काढली, की मुळांचे खाणे बंद. गवत मग आपल्या कांड्यांत साठवलेल्या शिधोरीवर नवी पाने फोडू लागते आणि तेवढा काळ मुळांची वाढ थांबते. ही केवळ कल्पना नव्हे. अमेरिकेच्या शेतकी खात्यातील क्रायडर नावाच्या संशोधकाने निरनिराळ्या गवतांवर याचे प्रयोग करून १९५५ साली ते प्रसिद्ध केले. निम्म्याहून कमी पाला काढला तर मुळे वाढत राहतात. निम्म्याहून जास्त एकदम काढला, की मुळे वाढायची थांबू लागतात. आणि जितका पाला जास्त काढाल तितकी ती अधिक दिवस थांबून राहतात. गुरांना कुरण किती चारावे हे ठरवायला हे प्रयोग उपयोगी पडले. पण आपल्या अंगणातले यंत्र म्हणजे तरी काय? न थकणारी, न थांबणारी एक मेंढीच की ती!

तेव्हा नियम एवढाच: एका वेळी गवताच्या उंचीच्या एक तृतीयांशाहून अधिक कापू नये. दोन भाग ठेवावे, एक भाग घ्यावा. हिरवळ दोन इंच, म्हणजे आडवी तीन बोटे, राखायची असेल तर ती तीन इंचांवर गेली की कापावी. चार-पाच इंच होईपर्यंत वाट पाहू नये. पावसाळ्यात हरळी झपाट्याने वाढते, त्यामुळे आठवड्याला एक कापणी पडते, कधी पाच दिवसांनीही. थंडीत महिनाभर कापायची गरज पडत नाही. म्हणजे कापणी ठरवायची ती तारखेवरून नव्हे, उंचीवरून.

हे ज्ञान आपल्या घरात नव्हते असे मात्र नाही. गणपतीच्या दिवसांत दूर्वा खुडणारी आजी आठवून पाहा. दूर्वा म्हणजेच हरळी. आजी एका ठिकाणी बसून सगळी उपटत नाही. कोवळा तीन पानांचा शेंडा तेवढा नखाने खुडते आणि पुढे सरकते. म्हणून दहा दिवस, एकवीस एकवीस दूर्वांच्या जुड्या होऊनही ती जागा हिरवी राहते. लसूणघास कापणारा शेतकरीही तळाशी दोन बोटे बुडखा सोडतो, नाहीतर पुढची कापणी हाती लागत नाही. अंगणात आल्यावर आपल्याला हे सगळे का विसरायला होते कोण जाणे. बहुधा यंत्र हाती आले की माणसाला सगळे सपाट करावेसे वाटते.

आता समजा, गवत आधीच हातभर वाढून बसले आहे. सुट्टी होती, यंत्र बिघडले होते, काहीही कारण असो. मग काय करावे? ते टप्प्याटप्प्याने खाली आणावे. नऊ इंच असेल तर पहिल्या वेळी सहावर आणा. ढकलायचे यंत्र एवढ्या उंचीवर चालत नाही. तिथे विळा किंवा मोठी कातरी चालवावी. मग पाच-सहा दिवस थांबा. तेवढ्यात तळाशी उजेड पोचतो आणि काड्यांच्या पेरांतून बारीक हिरवे डोळे फुटलेले दिसतात. ते दिसले की पुढची कापणी, चार इंचांवर. पुन्हा थांबा. मग तीन, मग दोन. मध्यंतरी गवत वाढतच असते, त्यामुळे चारऐवजी पाच-सहा कापण्या होतील. म्हणजे महिना गेला. शाळांतल्या शिक्षकांनी हे ध्यानात घ्यावे. पंधरा ऑगस्टला अंगण चांगले दिसावे असे वाटत असेल, तर पहिली कापणी जुलैच्या मध्याआधी व्हायला हवी आणि शेवटची दोन-तीन दिवस आधी, तीही नुसते शेंडे टिपणारी. तेरा तारखेला हजामत करून पंधराला सजावट होत नाही.

दुसरी गोष्ट धारेची. कापल्यानंतर लगेच हिरवळ बरी दिसली आणि दोन दिवसांनी तिच्यावर सगळीकडे पांढुरकी-तपकिरी झाक आली, तर एक पान तोडून त्याचे टोक डोळ्यांजवळ धरा. टोक कातरीने कापल्यासारखे सरळ असेल तर धार ठीक आहे. टोकाला दोरे लोंबत असतील, चिंध्या झाल्या असतील, तर गवत कापले गेले नाही, फाटले आहे. फाटलेले टोक वाळते, आणि अशी लाखो टोके एकत्र वाळली की सगळे अंगण करपल्यासारखे दिसते.

इथे थोडा इतिहास सांगण्याचा मोह होतो. हिरवळ कापायचे पहिले यंत्र इंग्लंडात स्ट्राउड गावाजवळ एडविन बडिंग नावाच्या कारागिराने बनवले आणि १८३० साली त्याचे पेटंट घेतले. तो भाग लोकरी कापडाच्या गिरण्यांचा. विणलेल्या कापडावर उभे राहिलेले लोकरीचे तंतू सारखे कातरायला गिरणीत फिरत्या पात्यांचे एक यंत्र असे. ते पाहून बडिंगला सुचले, की कापडावरची लव जशी निघते तसे जमिनीवरचे गवतही निघेल. आमचे मामा लोकर कातरण्याची उपमा देत होते तेव्हा त्यांना बडिंगची गोष्ट ठाऊक असण्याचे काही कारण नव्हते!

ढकलायचे यंत्र आजही त्याच तत्त्वावर चालते. फिरती पाती खालच्या स्थिर पट्टीवर घासून जातात आणि कातरीसारखी गवत कापतात. त्याची परीक्षा सोपी आहे. वर्तमानपत्राचा कपटा पाते आणि पट्टी यांच्यात धरून रूळ हाताने हळूच फिरवावा. बोटे मात्र दूर ठेवावीत. पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कागद स्वच्छ कापला गेला पाहिजे. कुठे नुसता दुमडला, तर तिथे स्क्रू आवळून पट्टी जवळ आणावी किंवा धार करून घ्यावी. विजेवर किंवा पेट्रोलवर चालणाऱ्या यंत्राचे पाते आडवे भिरभिरते आणि वेगाच्या जोरावर कापते. त्याची धार दगडाला लागून चटकन जाते. कानसीने ती सारखी करता येते, पण आधी विजेची पिन काढून, किंवा पेट्रोलचे यंत्र असेल तर प्लगची वायर काढून.

अलीकडे गावोगाव खांद्याला अडकवायचे, लांब दांड्याचे यंत्र आले आहे, ज्याच्या टोकाला नायलॉनची दोरी गरगर फिरते. बांध साफ करायला, गटाराच्या कडेचे रान काढायला ते फार उपयोगी. पण हिरवळीसाठी मला ते पसंत नाही, हे स्पष्ट सांगतो. दोरी कापत नाही, फटके मारून तोडते. शिवाय माणसाचा हात थोडा खाली गेला की क्षणात जमीन उघडी पडते आणि गोल गोल चट्टे उमटतात. दुसरे काही नसेल तर तेच वापरा, पण उंच धरून वापरा, आणि मुले वर्गात असताना वापरा. त्यातून उडालेला खडा डोळ्यात गेला तर हिरवळ काय करायची आहे?

ओल्या गवतावर यंत्र चालवू नये हेही सांगायला हवे. ओले गवत आडवे पडते, कापले जात नाही, आणि जे कापले जाते त्याचे गोळे होऊन जागोजाग पडतात. हे गोळे तसेच ठेवले तर त्यांच्याखालची हिरवळ दोन-तीन दिवसांत पिवळी पडते आणि आठवड्यात कुजते. आमच्या अंगणातले निम्मे चट्टे त्यातलेच होते. पावसाळ्यात कोरडे गवत कुठून मिळणार, असे आपण म्हणाल. अगदी कोरडे नको. पावसाने चार तास उघडीप दिली, वारा लागला, की काम करावे, आणि गोळे लगेच दाताळ्याने ओढून घ्यावेत. शेळ्यांना घाला, खतखड्ड्यात टाका. फक्त त्यावर औषध फवारलेले असेल तर जनावरांना घालू नका. कापणी वेळच्या वेळी होत असेल तर मात्र कापलेली टोके इतकी बारीक असतात की ती उचलावी लागत नाहीत. खाली झिरपून जातात आणि त्यांचेच खत होते.

कधी कधी चट्टा दर वेळी त्याच जागी पडतो. मग दोष गवताचा नसतो, जमिनीचा असतो. तिथे उंचवटा असतो. यंत्राची चाके खळग्यात आणि पाते उंचवट्यावर, असे होऊन तेवढी जागा खरवडली जाते. उंचवटा मोठा असेल तर गवताची साल बाजूला करून माती काढावी आणि साल पुन्हा बसवावी. खळगे असतील तर चाळलेली पोयटा माती, थोडी वाळू आणि कुजलेले शेणखत एकत्र करून पाव इंचाचा थर द्यावा. गवताची टोके वर दिसत राहिली पाहिजेत. महिन्याने दुसरा थर. वाफसा असताना हलका रूळ फिरवला तर उत्तम. चिखलात मात्र फिरवू नये.

हे झाले कापणीमुळे पडणारे डाग. पण कापणीच्या वेळी नजरेस पडले म्हणून सगळेच डाग कापणीचे नसतात. गावातले कुत्रे रोज एकाच कोपऱ्यात पाय वर करते, तिथे वाटीएवढा वाळलेला चट्टा आणि भोवती गर्द हिरवे कडे दिसते. ते लघवीतल्या नत्राचे काम. तिथे भरपूर पाणी ओतावे. युरियाचे तसेच आहे. थोडा दिला तर खत, एका जागी पडला तर आग. द्यायचाच तर गुंठ्याला अर्धा किलोच्या आत, कोरड्या पानांवर सारखा विस्कटून, आणि लगेच वरून पाणी. मी केले तसे ओल्या पानांवर मुठीने फेकू नये. आणि चट्ट्यावरचे गवत हाताने ओढताच चटई उचलावी तसे मुळांशिवाय वर आले, तर खालची माती उकरून पाहा. इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली पांढरी, जाड अळी दिसली तर ती हुमणी. मुळे तिने खाल्ली आहेत. उसाच्या शेतकऱ्यांना तिची ओळख करून द्यायला नकोच. अशा वेळी स्वतःच्या मनाने शाळेच्या आवारात विषारी औषध टाकू नये. जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात अळी दाखवून विचारावे.

उन्हाळ्यातल्या तपकिरी रंगाविषयी मात्र माझे मत निराळे आहे. एप्रिल-मे महिन्यांत ज्या गावात बायाबापड्या घागरीसाठी अर्धा कोस चालतात, त्या गावात शाळेपुढचे गवत हिरवे ठेवण्यात काही भूषण नाही. पाणी नसेल तर देऊ नका. हरळी पिवळी पडेल, तपकिरी होईल, होऊ द्या. ती मरत नाही, झोपी जाते. खात्री करून घ्यायची तर जमिनीसरपट गेलेली एखादी कांडी नखाने खरवडून पाहा. आतून पांढरी आणि घट्ट असेल तर ती जिवंत आहे. काडीसारखी कटकन मोडली आणि आत कोरडी तपकिरी निघाली तर गेली. या झोपलेल्या हिरवळीवर यंत्र फिरवू नये आणि सायकलीही फिरू देऊ नयेत. मृगाचा पाऊस पडला की आठ-दहा दिवसांत ती डोळे उघडते.

तशीच गोष्ट सव्वीस जानेवारीची. हरळी हे उष्णतेचे गवत. रात्री कडाक्याच्या थंडीच्या असल्या की तिची वाढ जवळजवळ थांबते, आणि रंगही फिका पडतो. कोकणात थंडी बेताची, तिथे एवढे जाणवत नाही. पण नाशिककडे, पुणे-सातारा भागात, विदर्भात हे दर वर्षी दिसते. म्हणजे पंधरा ऑगस्टला केलेली चूक हरळी दोन-तीन आठवड्यांत भरून काढते, सव्वीस जानेवारीला केलेली चूक मात्र होळीपर्यंत अंगणात दिसत राहते. तेव्हा दिवाळीनंतर हिरवळ अडीच इंचांवर राहू द्यावी, आणि जानेवारीत फार तर वर आलेली चुकार टोके कातरीने टिपावीत.

आणि चूक झालीच असेल तर? आधी हात आवरावा. पुन्हा कापू नये, खत टाकू नये. पाऊस नसेल तर सकाळी भरपूर पाणी द्यावे, पण रोज रोज शिंपडू नये; वरची दोन बोटे माती सुकली की मग द्यावे. तीन आठवडे मुलांना त्यावरून जाऊ देऊ नये. त्यासाठी दोरी बांधली तर पोरे मुद्दाम उड्या मारतात, असा माझा अनुभव. मुलांपैकीच दोघांना राखणदार नेमावे. जिथे माती अगदी उघडी पडली असेल तिथे दोन-तीन पेरांची कांडी वीतभर अंतरावर खोचावी आणि पायाने दाबावी. युरियाने जळालेल्या जागेवर आम्ही आधी पुष्कळ पाणी ओतले आणि मग अशी कांडी लावली. दसऱ्यापर्यंत अंगण भरून आले.

ती ताकीद मी दसऱ्याच्या सुट्टीआधी मागे घेतली. दप्तरातला तो कागद काढून त्यावर "ही ताकीद चुकीच्या समजुतीने दिली होती, दोष माझा" असे लिहून सही केली आणि मामांना दाखवली. मामांना वाचता येत होते. त्यांनी वाचले, आणि विचारले, "मंग कापणीचं आता कोण सांगणार?" मी म्हटले, "तुम्हीच." पुढे माझी बदली होईपर्यंत त्या अंगणाच्या कामात मी तोंड घातले नाही.

शिक्षक-बंधुभगिनींनो, शेवटी दोन प्रयोग सांगतो. यंत्राची गरज नाही, पैसा लागत नाही, आणि विज्ञानाच्या पुस्तकातला अर्धा धडा त्यात होऊन जातो.

पहिला प्रयोग शाईचा. हरळीचे नुकते उलगडू लागलेले कोवळे पान निवडावे आणि त्यावर बुडापासून टोकापर्यंत न पुसणाऱ्या शाईने सारख्या अंतरावर बारीक ठिपके द्यावेत. शेजारच्या तशाच पानाचे टोक कापावे आणि त्यावरही ठिपके द्यावेत. चार-पाच दिवस मुलांनी रोज पट्टीने मोजावे. ठिपक्यांमधले अंतर फारसे बदलत नाही, पण ठिपके एकत्रच वर सरकलेले दिसतात आणि त्यांच्याखाली बिनठिपक्यांचे नवे हिरवे पान आलेले असते. म्हणजे गवत वाढते ते बुडाकडून. म्हणूनच गुरांनी शेंडा खाल्ला तरी ते पुन्हा उभे राहते. आणि म्हणूनच आपण बुडापर्यंत पाते नेले की त्याचा वाढीचा कोंबच आपल्या तडाख्यात सापडतो. कापलेल्या पानाचे टोक मात्र कापले तसेच राहते, त्याला नवे टोक येत नाही. मुलांना याची फार मौज वाटते.

दुसरा प्रयोग चार चौकोनांचा. अंगणाच्या कडेला हात-हातभर लांबीरुंदीचे चार चौकोन सुतळीने आखावेत. एक कापू नये. दुसऱ्यातला एक तृतीयांश भाग कातरीने काढावा, तिसऱ्यातला निम्मा, आणि चौथा पार जमिनीबरोबर करावा. कापणी एकाच दिवशी व्हावी, पाणी सगळ्यांना सारखे. मग तीन आठवडे दर सोमवारी मुलांनी उंची मोजून आणि रंग पाहून वहीत लिहावे. शेवटी प्रत्येक चौकोनातून खुरप्याने एक-एक बोटभर ढेकूळ काढून पाण्यात धुवावे आणि मुळ्या पाटीवर शेजारी शेजारी मांडाव्यात. पाचवा चौकोन करायचा असेल तर त्यावर कापलेल्या ओल्या गवताचा ढीग किंवा नुसती एक फळी ठेवावी. आठ दिवसांनी ती उचलून खालचा रंग मुलांना दाखवावा, आणि लगेच काढून घ्यावी. आमच्या शाळेत ती फळी महिनाभर तशीच राहिली होती. तेवढ्या जागेत पुन्हा बेणी लावावी लागली.